उचललेला हात

याकोब मास्तरांनी स्वतःच्या पोरावर सुरी उगारलेली मी माझ्या डोळ्यांनी बघितलीय. मी एकटीनं नाही, आख्ख्या मंडळीनं बघितलीय. पुढं सतरंजीवर आम्ही पोरं, मागं बाकांवर बायामाणसं, कोपऱ्यात खुर्चीवर पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू. कुणी जागचं हललं नाही. आज मी नातवंडांची आजी आहे, उभा जन्म सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढलाय, रक्ताला घाबरणारी बाई मी नव्हे. पण तो उचललेला हात आठवला की अजून हातातलं काम खाली ठेवते मी.

सुरीपर्यंत येते मी. आधी मास्तर कसे होते ते सांगते, नाहीतर तुम्ही त्यांना कसाई समजाल.

शहराला औरंगाबाद म्हणायचे त्या काळातली ही गोष्ट. छावणीत आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च आणि त्यातली माणसं. तिथली शब्बाथ शाळा मास्तर चालवायचे. रविवारी उपासनेच्या आधी पोरांना शास्त्रातल्या गोष्टी सांगतात, ती शब्बाथ शाळा. बाकीच्या दिवशी ते शाळेत गणित शिकवायचे. उंच, वाळलेले, गळ्याची घाटी वर-खाली होताना लांबून दिसायची. रोज सकाळी अंगणातल्या पेरूच्या झाडाला आरसा टांगायचे आणि वस्तऱ्यानं दाढी करायचे. दाढी झाल्याशिवाय प्रार्थनेला बसायचे नाहीत. राजाच्या पुढं जायचंय, असं तोंड घेऊन कसं जायचं, म्हणायचे.

त्यांचं सगळं शिक्षण निजामाच्या राज्यात, उर्दूत झालेलं. पोलीस अॅक्शन झाली, राज्य बदललं, आणि शाळांना हुकूम आला की आता मराठीत शिकवा. बाकीचे मास्तर वर्षभर दोन्हीची खिचडी करत होते. आमच्या मास्तरांनी दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या फाटकात उर्दूचा एक शब्द काढला नाही. पंचाईत अशी, की मराठी शब्द त्यांना ठाऊकच नव्हते. माझे वडील त्या वर्गात होते, ते सांगायचे. मास्तर फळ्यावर गणित मांडायचे, तोंडाशी उर्दूतलं जर्ब, तक्सीम यायचं, आणि ते तोंड मिटून उभे राहायचे. एखादं पोरगं मागून हळूच म्हणायचं, "गुणाकार, मास्तर." मग "गुणाकार" म्हणून पुढं जायचे. लाज नाही, चिडचिड नाही. हुकूम आला ना, मग संपलं. फाटकाबाहेर पडले की मात्र भाजीवाल्याशी फाडफाड उर्दू.

माणूस इतकाही ऐकणारा असू नये, असं माझे वडील म्हणायचे. मी पण तेच म्हणते.

आणि शिकवायची पद्धत तर विचारू नका. मास्तर गोष्ट पुरी सांगायचेच नाहीत. मागं इजिप्तच्या राजाची, फिरौनाची फौज, पुढं दर्या, मधी गुलामीतून पळालेले इस्राएल लोक, बायकापोरांसकट. लोक आपल्या पुढाऱ्याच्या, मोशेच्या नावानं बोटं मोडायला लागलेत. मोशेनं हातातली काठी उचलली. इथं मास्तर खडू खाली ठेवायचे, हात झटकायचे आणि म्हणायचे, "जा आता उपासनेला. पुढचं पुढच्या रविवारी."

आमचा जीव आठवडाभर टांगणीला. एकदा मला राहवलं नाही. मी आगाऊ होतेच. म्हणाले, "मास्तर, मला माहीतय. पाणी दुभंगतं."

"तुला माहीतय?"

"व्हय."

"मोशेला माहीत होतं?"

मी मान हलवली, नाही.

"मग तू कशाला पुढं पळती, विमले? त्याच्या बाजूला उभी ऱ्हा. पाणी बघ. मागून घोड्यांचा आवाज येतोय तो ऐक. शेवट ठाऊक असल्यावर भरवसा कशाचा ठेवायचा?"

असा माणूस. आम्हाला पाण्याच्या काठावर उभं करून स्वतः घरी जेवायला जाणारा.

यरीहोच्या वेळी तर कहर केला. इस्राएल लोक त्या शहराच्या तटाभोवती मुकाट्यानं फेऱ्या मारायचे, तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि शेवटी तट कोसळला, अशी ती गोष्ट. मास्तर म्हणाले, नुसतं ऐकून काय कळणार, चला. मंडळीच्या आवाराला दगडमातीची भिंत होती. दर रविवारी आम्ही तिच्याभोवती फेऱ्या मारायला लागलो. बोलायचं नाही, हसायचं नाही. बाहेरच्या रस्त्यावर बशीरचाचांचं चहाचं दुकान होतं. त्यांनी काही रविवार बघितलं, मग न राहवून विचारलं, "क्या मास्टर, ये बच्चे चक्करां काटते फिररै, दीवार गिराने का इरादा है क्या?"

"हुकूम है, चाचा," मास्तर म्हणाले.

आणि त्या वर्षीच्या पावसात ती भिंत पडली. रस्त्याच्या बाजूची, चांगला मोठा तुकडा. आम्ही पोरं रविवारी आलो, बघितलं आणि आमची बोबडीच वळली. काहीजणी रडायला लागल्या. मला वाटलं, मास्तर खूश होतील. ते पांढरेफटक पडले होते. पाळकसाहेब समजूत घालत होते की भिंत जुनी होती, पाणी मुरलं, दुसरं काही नाही.

"जुनी होती, खरंय," मास्तर म्हणाले. "पण पाळकसाहेब, ती पडंल असा मला काडीचा भरवसा नव्हता. मी नाटक करत होतो. ही पोरं नाटक करत नव्हती."

मग शाळा सुटल्यावर रोज संध्याकाळी एकटे दगड वाहायचे. कुणाची मदत घेतली नाही. ती भिंत त्यांनी स्वतःच्या हातानं पुन्हा उभी केली, थोडी वाकडी, पण उभी केली. आणि तेव्हापासून त्यांना खोटंखोटं काहीच चालेनासं झालं. हेच पुढं नडलं.

नाताळच्या आठवड्यात आमच्याकडं मुलांची नाटुकली असायची. त्या वर्षी मास्तरांनी अब्राहामाची गोष्ट घेतली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. देव अब्राहामाला सांगतो, तुझा एकुलता एक मुलगा मला अर्पण कर. म्हातारपणी झालेलं ते पोर, इसहाक. अब्राहाम एका शब्दानं विचारत नाही. पोराला डोंगरावर नेतो, लाकडावर बांधतो, सुरी उचलतो, आणि त्याच घटकेला आकाशातून देवदूत हाक मारतो, थांब. मग झुडपात शिंगं अडकलेला मेंढा दिसतो, पोराच्या जागी तो जातो.

अब्राहाम मास्तर स्वतः. इसहाक त्यांचा मुलगा शमुवेल, तिसरी-चौथीतला. देवदूत म्हणजे आमच्या मंडळीत पेटी वाजवणारे थोमाकाका, त्यांनी पडद्यामागून आवाज द्यायचा. पुठ्ठ्याची सुरी केली होती, ती मास्तरांनी फेकून दिली. घरातून खरी आणली. तालमीत सगळ्यांना बजावलं, आवाज आल्याशिवाय हात खाली येणार नाय.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हॉल गच्च भरलेला. शमुवेल लाकडाच्या मोळीवर बांधलेला, आमच्याकडं बघून गालात हसत होता. मास्तरांनी हात उचलला. सुरी पेट्रोमॅक्सच्या उजेडात चमकली.

आवाज आला नाही.

थोमाकाका पडद्यामागं नव्हतेच. आवारात बिडी ओढायची नाही, असा मास्तरांचाच नियम, तेव्हा बिचारे नियम पाळून रस्त्यापलीकडं जाऊन ओढत होते. हे आम्हाला नंतर कळलं. त्या घटकेला एवढंच दिसत होतं, की हात वर आहे आणि खाली येत नाही. शमुवेलचं हसू हळूहळू गेलं. त्यानं पडद्याकडं बघितलं, मग बापाकडं. बाप त्याच्याकडं बघतच नव्हता, वर आढ्याकडं बघत होता. पाळकसाहेब खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले. काय बोलणार? नाटकात मधी कसं बोलणार? आता वाटतं, आम्ही सगळे वेडे होतो. एकानं उठून धरायचा की नाही तो हात? पण नाही. सगळी मंडळी दगड झाली होती.

आणि बायकांच्या बाकावरून मार्थाकाकू उभ्या राहिल्या. मास्तरांची बायको, शमुवेलची आई. कधी चारचौघांत मोठ्यानं न बोलणारी बाई.

"अब्राहामा, थांब," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकराला हात लावू नको."

हात झटक्यात खाली आला. मास्तरांनी सुरी बाजूला ठेवली आणि, देवाशपथ सांगते, नाटक पुढं चालू केलं. घोंगडी पांघरलेला मेंढा रांगत आला, त्याला बघून एक बारकं पोर हसलं, बाकी कुणी नाही. टाळ्या वाजल्या नाहीत. मार्थाकाकू सरळ पुढं गेल्या, सुरी उचलली, म्हणाल्या, "ही माझी कांदा चिरायची सुरी हाय," आणि पदराखाली घेऊन निघून गेल्या.

मी पुढंच बसले होते, म्हणून पुढचं मला ऐकू आलं. मास्तर पोराच्या दोऱ्या सोडत होते आणि शमुवेलनं विचारलं, "बाबा, आईनं आवाज दिला नसता तर?"

मास्तरांनी तोंड उघडलं. मिटलं. मग दोरी गुंडाळत राहिले. मला त्या वयातही धक्का बसला. नाही म्हणायला काय झालं होतं? "छे रे बाळा, मी कशाला मारतोय," एवढं म्हणायला काय जात होतं?

पुढच्या रविवारी गोष्टीचा शेवट सांगितला. अब्राहाम डोंगर उतरून आपल्या गड्यांकडं परत आला.

"आणि इसहाक?" कुणीतरी विचारलं.

"त्याचं लिहिलेलं नाय."

"नंतर बापाशी बोलला का?"

"ते पण लिहिलेलं नाय," मास्तर म्हणाले. शमुवेल तिथंच, खिडकीपाशी बसला होता. तो बाहेर बघत होता.

त्यानंतर तो बापाचं सगळं ऐकायचा. पाणी आण म्हटलं की आणायचा, अभ्यासाला बस म्हटलं की बसायचा. पण आपणहून बापाशी बोलताना त्याला मी कधी बघितलं नाही. सारखं येणं-जाणं होतं आमचं, मी सांगते ना.

आणखी एक सांगून ठेवते, पुढं लागेल. मास्तर दरवर्षी दोन गोष्टी पाठोपाठ सांगायचे. एक एज्राची. बंदिवासातून परत आलेल्या इस्राएल लोकांनी परक्या बायका केल्या होत्या, आणि एज्रानं ठरवलं की त्या सोडून द्यायच्या. लोक चौकात बसलेत, वरून पाऊस, सगळे कापतायत. दुसरी रूथची. ती पण परकी, मवाबी. नवरा मेला, सासू नामी तिला म्हणते, तुझ्या माहेरी जा, आणि ही जात नाही. सासूचा देव तोच आपला म्हणून मागं मागं येते, आणि तिच्याच वंशात पुढं दावीद राजा होतो. मी मोठी झाल्यावर विचारलं होतं, "मास्तर, मग खरं कोणतं? परकी बायको हाकलायची का घरात घ्यायची?"

"दोन्ही आपल्याच शास्त्रात हायत," एवढंच म्हणाले. "आणि त्या हाकललेल्या बायका पावसात कुठं गेल्या, ते लिहिलेलं नाय."

वर्षं गेली. वाळूजला कारखाने आले, शमुवेलला तिथं नोकरी लागली, तो बजाजनगरला खोली करून राहायला लागला. आणि एक दिवस त्यानं लग्न केलं. मुलगी सुमन, कन्नड तालुक्यातल्या धनगराची. तीही तिथंच पॅकिंगला होती. मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातली पहिली कमावती पोरगी. तिच्या बापानं तिच्या नावानं आंघोळ केली. इकडं आमच्या मंडळीचा नियम असा, की धर्माबाहेर लग्न करणाऱ्याला प्रभुभोजनातून वगळायचं. प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेतात ते. ते बंद म्हणजे मंडळीतून काढल्यासारखंच. आणि तसं उपासनेत उभं राहून जाहीर करायचं. जाहीर करणारे वडील, म्हणजे मंडळीचे पंच, कोण? याकोब मास्तर.

पाळकसाहेब घरी आले. चांगला माणूस. म्हणाले, "मास्तर, त्या रविवारी तुम्ही येऊच नका. मी वाचतो."

"दुसऱ्यांच्या लेकरांची नावं मीच वाचली ना?" मास्तर म्हणाले. "तेव्हा घरी बसलो नाय."

मार्थाकाकू चुलीपाशी होत्या. मी तिथं होते, त्यांचा रक्तदाब बघायला गेले होते. त्यांनी मागं वळून न बघता सांगितलं, "एकदा मी देवदूत झाले. ह्या बारीला व्हणार नाय. तुमचा देव आवाज देतो का बघा."

माझ्या हातातला पट्टा तसाच राहिला.

तो रविवार मला विसरायचा म्हटला तरी विसरता येत नाही. शमुवेल येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. तो आला. सुमनला घेऊन आला. कपाळावर कुंकू, डोक्यावर पदर, दारापाशी शेवटच्या बाकावर दोघं बसले. मंडळीत कुजबुज सुरू झाली आणि मास्तर उठले तशी थांबली. त्यांनी चष्मा लावला. आवाज नेहमीचाच. शमुवेल याकोब निर्मळ यांनी धर्माबाहेर विवाह केल्यामुळे त्यांना प्रभुभोजनातून वगळण्यात येत आहे.

सगळ्यांच्या माना बायकांच्या बाकाकडं वळल्या. मार्थाकाकू आपल्या तळहातांकडं बघत होत्या. मी मनात म्हणत होते, बोला काकू, बोला. त्या बोलल्या नाहीत.

मास्तरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. पुढच्या बाकावर त्यांची जागा होती, वडिलांची, इतक्या वर्षांची. ते तिथं बसले नाहीत. मधल्या वाटेनं चालत चालत थेट शेवटच्या बाकापर्यंत गेले आणि शमुवेलला म्हणाले, "सरक."

शमुवेल सरकला. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, सुमनचा दिसत होता. तिला काहीच कळलं नव्हतं. मग भाकरीचं ताट फिरलं. शेवटच्या बाकाशी आलं तेव्हा मास्तरांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि न शिवता परत दिलं. प्याल्याचंही तसंच.

मला इतका संताप आला म्हणून सांगू. बाहेर पडल्यावर मी त्यांना गाठलंच. "हे काय मास्तर? आधी पोराची मान कापायची आणि मग त्याच्याच मांडीला मांडी लावून बसायचं?"

"नियम मंडळीचा हाय, तो वाचला," ते म्हणाले. "पण बापानं पुढच्या बाकावर बसावं असा नियम कुठं हाय?"

"आणि भाकर का नाही घेतली? तुम्हाला कुठं बंदी आहे?"

"थांबलोय."

"कशासाठी?"

"आवाजासाठी," म्हणाले, आणि सायकल काढून गेले.

मी तिथंच रस्त्यावर उभी. बाई गं, हा माणूस अजून त्या नाटकातच उभा आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख शिरलं.

मग वर्षानुवर्षं ते शेवटच्या बाकावर बसले. शमुवेल-सुमन यायचे तेव्हा त्यांच्याशेजारी, नाही आले तर एकटे. पाळक बदलले, ताट फिरत राहिलं, त्यांचा हात गेला नाही. मार्थाकाकू मात्र आपल्या जागेवरून हलल्या नाहीत. भाकर घ्यायच्या, द्राक्षरस घ्यायच्या, आणि मागं न बघता घरी जायच्या. नवऱ्यावरचा राग त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. शेवटच्या आजारात त्यांचं सगळं सुमननं केलं. अंग पुसण्यापासून सगळं. काकू गेल्या तेव्हा तिचाच हात धरून होत्या.

सुमन बोलायला लागली की ऐकत राहावं. एकदा मास्तर तिच्या पोरांना अब्राहामाची गोष्ट सांगत होते. मेंढ्यापाशी आले तशी ती भांडी घासता घासता म्हणाली, "मामंजी, ते मेंढरू कुणाच्या तरी कळपातलं असंल की. त्याला हुडकत कुणी आलं नाय का?"

मास्तरांनी तिच्याकडं बघितलं. मग हसायला लागले. त्यांना असं पोट धरून हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

काकू गेल्यावर नवे पाळक घरी आले. म्हणाले, सूनबाईंनी बाप्तिस्मा घेतला की सगळंच सुटतं. शमुवेलही परत आत येईल, मास्तरही पुढं बसतील. ते गेल्यावर सुमन सासऱ्यापुढं येऊन उभी राहिली. शमुवेल दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

"मामंजी, तुमी फकस्त सांगा. मी घेते."

मला वाटलं, सुटलो एकदाचे. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं.

"नामीनं रूथला काय सांगितलं होतं?" मास्तरांनी विचारलं. त्यांनी तिलाही शिकवून ठेवलं होतं.

"मागं फिर म्हनली."

"मग मी काय निराळं सांगू? तुझं मन झालं तर ये. तुझ्या पायानं ये. माझ्या सांगण्यावरून येऊ नको. माझ्या सांगण्यावरून एकदा एक पोरगं लाकडावर झोपलंय."

मी शमुवेलकडं बघितलं नाही. बघवलं नाही. आज्ञा पाळायला शिकवण्यात ज्यानं हाडं झिजवली, तो माणूस आज्ञा द्यायला नको म्हणत होता. चौकटीपाशी हालचाल झाली आणि शमुवेल बाहेर निघून गेल्याचं कळलं.

सुमननं बाप्तिस्मा घेतला नाही. रविवारी येत राहिली मात्र.

मास्तरांना मी शेवटचं बघितलं ते बजाजनगरला, शमुवेलच्या घरी. पेन्शनीतली मी, बसनं गेले, डझनभर केळी घेऊन. दुपार होती. मास्तर खुर्चीत बसलेले, हात इतके कापायचे की पेलाही धरवत नव्हता. पण दाढी पाहिजेच. शमुवेल, स्वतः पिकलेल्या केसांचा, बापाची दाढी करत होता. तोच जुना वस्तरा. मास्तरांनी मान मागं टाकलेली, डोळे मिटलेले, गळा उघडा, आणि त्यावर पोराचा हात. मी दारातच थबकले. आत जायचा धीर होईना.

"हलू नका, बाबा," शमुवेल म्हणाला.

मास्तर हलले नाहीत. डोळे मिटलेलेच. म्हणाले, "शम्या, तू विचारलं होतं."

"काय?"

"आईनं आवाज दिला नसता तर."

वस्तरा थांबला.

"उभाच राहिलो असतो रे," मास्तर म्हणाले. "हात वर धरून. खाली आला नसता. पण मला तेव्हा ते ठाऊक नव्हतं, म्हणून बोललो नाय. खोटं कसं सांगू?"

शमुवेलचा हात तसाच हवेत. साबणाचा फेस मनगटावर ओघळत होता, त्याला कळत नव्हतं. तेवढ्यात आतून, ओट्यापासून सुमननं बघितलं. तिला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं, स्टोव्ह भरभरत होता.

"अवो, थांबा की आता," ती ओरडली. "हात नका लावू त्यांना. गाल सोलून निघंल."

मास्तरांनी डोळे उघडले. ओट्याकडं बघितलं, मग पोराकडं.

"ऐकलं?" म्हणाले.

शमुवेलनं वस्तरा मगात टाकला. टॉवेल घेतला आणि बापाचा गळा पुसायला लागला. पुसून झालं तरी पुसत राहिला.

"सुमे, भाकर हाय का गं?" मास्तरांनी विचारलं.

"आत्ताच तव्यावरनं काढली. जेवता का?"

तिनं गरम भाकरी ताटलीत आणून दिली. मास्तरांच्या हातांना ती तुटेना, तेव्हा शमुवेलनं बापाचे हात आपल्या हातात धरले आणि दोघांनी मिळून मोडली. पहिला तुकडा मास्तरांनी शमुवेलला दिला. मग सुमनला. मग माझ्याकडं हात केला. मी त्या मंडळीत वाढलेली बाई, काय चाललंय ते मला कळलं, आणि पाळकावाचून मोडलेल्या त्या भाकरीला माझा हात काही केल्या पुढं जाईना. ते हात तसाच पुढं धरून बसले. मग मी तुकडा घेतला. शेवटचा तुकडा त्यांनी स्वतःच्या तोंडात घातला आणि सावकाश चावत बसले.

"अशी कोरडीच काय खाता," सुमन म्हणाली. "थांबा, कालवण वाढते."